धाकट्याची बाजू

मास्तरांचा संताप प्रथम डॉक्टरांवर होता, मग उशीवर, आणि त्यानंतर सगळा वेळ मालिकेच्या लेखकावर.

त्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा आतून सुटला होता. शस्त्रक्रिया करून तो जागेवर बसवला गेला, आणि तिथेच चिकटून राहावा म्हणून डोळ्यात हवेचा एक बुडबुडा सोडण्यात आला. बुडबुड्याचा स्वभाव वर जाण्याचा. तो डोळ्याच्या मागच्या भिंतीला टेकून राहायचा असेल, तर माणसाने तोंड जमिनीकडे ठेवले पाहिजे. झोपायचे ते पालथे, बसायचे ते मान खाली घालून, चालायचे तेही तसेच. आणि हे सारे पुढची तपासणी होईपर्यंत. "मान वर केलीत आणि पडदा पुन्हा सुटला, तर मला बोल लावू नका," असे डॉक्टरांनी बजावले होते. गिऱ्हाइकाने बाही आखूड म्हटली तर बाहीला हात न लावता त्यालाच हात कसा धरावा हे शिकवणाऱ्या या शिंप्याला, ज्याने उभ्या आयुष्यात कोणापुढे मान तुकवली नव्हती, आता फरशीच्या चौकोनांपुढे ती अष्टौप्रहर तुकवावी लागत होती.

त्याहून मोठी शिक्षा म्हणजे मालिका बुडाली. घरात टीव्ही नव्हता. "खोट्या माणसांची खरी भांडणं मला घरात नकोत," असे सांगून बायकोने तो केव्हाच दुकानात पाठवला होता. तिथे इस्त्रीच्या टेबलावरच्या फळीवर तो बसला, आणि त्या दिवसापासून संध्याकाळी मालिकेच्या वेळेला दुकानातली यंत्रे थांबू लागली. मालिका एका मोठ्या घराची होती. त्यातली थोरली सून कारस्थानी, धाकटी सोशीक आणि धाकटीचा नवरा, ज्याला दुकानात सगळे नुसते 'धाकटा' म्हणत, तो संशयी, हेकट आणि कोणाच्याही डोळ्यांत सलावा असा. काज-बटणे करणारी बाई, म्हणजे काजवाली, रोज त्याला शिव्या घाली. इस्त्रीवाला तिची री ओढी. आणि मास्तर रोज न चुकता धाकट्याची बाजू घेत.

"माणूस उगाच वागत नाही," हे त्यांचे आवडते वाक्य होते. कोट खांद्यावर ओढतो म्हणून खांदा उसवणारा कारागीर त्यांच्या मते गाढव. ओढ खांद्यावर दिसते, पण चूक मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे, असते. माणसाचेही तसेच. त्याचे वागणे जिथे खुपते तिथे कारण शोधू नये. चार बोटे खाली, आत, अस्तराखाली शोधावे. मालिकेचा लेखक हे शोधत नाही, नुसता माणसाला काळा रंग फासून मोकळा होतो, याचा मास्तरांना मनस्वी राग होता. इस्त्रीवाला त्यांना 'आरोपीचे वकील' म्हणे. मास्तर वरवर रागावत, पण ती पदवी त्यांना आवडत असे.

मालिका बुडाली तेव्हा मुलीने त्यांना वाचवले. ती त्याच शहरात, दुसऱ्या टोकाला, नवऱ्याबरोबर राहत होती; दातांच्या दवाखान्यात नोकरीला होती. "बाबा, मी बघते आणि तुम्हाला रोज सांगते," ती म्हणाली. आणि खरोखरच रोज संध्याकाळी तिचा फोन येऊ लागला. मास्तर दोन उशांच्या फटीत तोंड घालून पालथे पडलेले, फोन कानाशी, समोर फरशी. आणि मुलगी हळू आवाजात धाकटीची कहाणी सांगे.

"धाकटीला घराची किल्ली नाहीये, बाबा," ती पहिल्या दिवशी म्हणाली. "घराला एकच किल्ली. ती धाकट्याच्या जुडग्यात. ती कामावरून आधी येते आणि तो येईपर्यंत जिन्यावर बसून राहते."

"एकच किल्ली? का?"

"तो म्हणतो, तुझ्याकडून हरवते."

"हरवली असणार मग कधीतरी."

"हो. एकदा."

"बघ!" मास्तर उशीत मान खुपसून उत्साहाने म्हणाले. "म्हणजे कारण आहे. पण एवढंच नसणार. लहानपणी याच्या घरात काहीतरी झालं असेल. दार उघडं राहिलं असेल, कोणी आपलं माणूस निघून गेलं असेल. असा माणूस मोठा झाला की कुलपाला चिकटतो. तो तिला बाहेर ठेवत नाहीये गं, तो स्वतःची भीती आत कोंडून ठेवतोय. लेखकाला अक्कल असती तर हे दाखवलं असतं त्यानं!"

हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतके भावले की रात्रीच्या जेवणाला त्यांनी ते बायकोच्या पावलांना पुन्हा ऐकवले. आजकाल त्यांना बायकोची पावलेच दिसत. पावले ताट ठेवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मुलीने सांगितले, की चार माणसांत धाकटी काही बोलली की धाकटा तिचे वाक्य मध्येच तोडून दुरुस्त करतो, आणि पाहुणे गेल्यावर म्हणतो, "तू हसलीस ते बरं दिसलं नाही." मास्तरांनी याचेही कारण काढले: माणूस काटेकोर आहे, काटेकोर माणसाला आपल्या माणसाची चूक ही आपलीच चूक वाटते. ते स्वतः नाही का कारागिराच्या हातून टाका सुटला की सगळ्यांदेखत उसवायला लावत?

मग खुर्चीचा भाग झाला. धाकटीला ताप होता. शेजारच्या बाईंना दया आली, त्यांनी जिन्यावर तिला एक खुर्ची आणून दिली. धाकटा आला, त्याने खुर्ची पाहिली, शेजारणीला हसतमुखाने परत केली, आणि दार लागल्यावर धाकटीला म्हणाला, "माझी शोभा करायची एवढी हौस आहे?"

या ठिकाणी मास्तरांनाही धाकटा खुपला. पण वकिली अंगात मुरलेली होती. "अपमान वाटला असेल त्याला," ते म्हणाले. "शेजाऱ्याची खुर्ची म्हणजे शेजाऱ्यानं दिलेला निकालच की. कोणाही पुरुषाला लागेल ते."

पलीकडे कुठेतरी एक जाळीचे दार खडखडत उघडले आणि मिटले.

"मग तिनं काय करावं, बाबा?"

"तिनं?" मास्तर म्हणाले. "तिनं आधी त्याला नीट समजून घ्यावं. घाई कसली आहे! मालिका काय कुठं पळून चालली आहे?"

"बरं," मुलगी म्हणाली, आणि फोन ठेवला.

सुट्टीच्या दिवशी दुपारी काजवाली आणि इस्त्रीवाला मास्तरांना पाहायला आले. मास्तर खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावरच्या उशीत कपाळ टेकवून होते. त्यांना एक जोडी निळ्या चपला दिसल्या, तिच्यावरून काजवाली ओळखली. एक जोडी टाचा दुमडलेले बूट दिसले, त्यावरून इस्त्रीवाला.

"मास्तर, मान खाली घातलेली शोभते हो तुम्हाला," बूट म्हणाले.

"डोळा बरा होऊ दे, मग बघतो तुझ्याकडे. काय गं, काजं सरळ घेतेस ना?"

"सरळच आहेत. तुमचंच सगळं उलटं चाललंय," चपला म्हणाल्या. "आणि मालिकेत तर काय, नुसती माती केलीय ह्या आठवड्यात."

"माती? उलट आत्ता कुठे जीव आलाय तिच्यात!" मास्तर उशीतून गरजले. आठवडाभर साठलेला वाद त्यांना कोणाशी तरी घालायचाच होता. "आणि तू धाकट्याला शिव्या देणार, ते मला आधीच माहीत आहे. किल्लीवरून देशील, खुर्चीवरून देशील. पण त्या माणसाच्या आत काय चाललंय याचा विचार कोणी करायचा?"

"कुठली किल्ली?"

"घराची. तिला देत नाही ती."

"मास्तर," चपला जरा जवळ आल्या, "त्या घराला कुलूप कुठंय? एवढी वर्षं बघतोय, दार कधी लागलेलं पाहिलंत? दार लागलं तर थोरली आडून ऐकणार कशी? अख्खी मालिका उघड्या दारावर चाललीये!"

"आणि जिना त्यांच्या दिवाणखान्यात आहे," बूट म्हणाले. "थोरली रोज त्यावरून उतरते, हळूहळू, वाद्यं वाजत असतात."

"तो नव्हे! बाहेरचा जिना. धाकटी तापात बसते तिथं. शेजारीण खुर्ची देते."

"शेजारीण? त्या वाड्याएवढ्या घराला शेजार आहे का कुठं?"

"तुम्ही बघताच काय मग?" मास्तरांनी स्टुलावर मूठ आपटली. "काजावर डोळा ठेवून मालिका ऐकायची, आणि मला शिकवायचं! धाकटा खुर्ची परत करतो, म्हणतो, माझी शोभा करतेस. सरळ भाग आहे!"

"धाकटा ह्या आठवड्यात नाहीच हो, मास्तर," काजवाली म्हणाली, आणि आता तिच्या आवाजातली थट्टा गेली होती. "त्याला परदेशी पाठवलाय. त्या नटाचं आणि त्यांचं काहीतरी बिनसलंय म्हणे. सगळे भाग नुसते थोरलीचे झाले."

"माझी मुलगी काय खोटं सांगते?"

हे ते ओरडून बोलले, आणि बोलता बोलताच ते वाक्य त्यांना ऐकू आले. निळ्या चपला हलेनात. बूट एकमेकांवर चढले. आणि उंबऱ्याशी बायकोची पावले होती. ती केव्हा येऊन उभी राहिली होती कोण जाणे. पायांची बोटे फरशीला घट्ट आवळलेली होती.

"ती फोन कुठून करते?" बायकोने विचारले.

"बाहेरून. आत आवाज तुटतो म्हणते."

"बाहेर म्हणजे कुठं?"

मास्तरांना ते जाळीचे दार आठवले. ते लिफ्टचे होते. त्यांना तिच्या आवाजाचा घुमारा आठवला, जसा फक्त जिन्यात येतो. आणि मध्येच कोणा बाईचा, वरच्या पायरीवरून जात असल्यासारखा आवाज: "आज पण उशीर का गं?" आणि मुलीचे उत्तर: "येतीलच." हे त्यांनी ऐकले होते. ज्याला गिऱ्हाईक दारातून आत येताना त्याचा खांदा कोणत्या बाजूला उतरता आहे हे कळते, त्याने हे कानाने ऐकले होते आणि मालिकेपुढे बाजूला सारले होते.

"तिनं मला असं... सरळ का नाही सांगितलं?"

"सरळ?" बायकोचा आवाज चढला. "सरळ सांगायलाच आली होती ती. तुमचं ऑपरेशन व्हायच्या आधी, दुकानात. मी डबा घेऊन दारात उभी होते. तिनं तोंड उघडलं आणि तुम्ही काय म्हणालात? 'होतं गं असं, संसार आहे. आणि जरा बाजूला हो, धाकटी बोलतेय.' मग मी विचारलं तर मला म्हणाली, काही नाही. तुम्हाला जी माणसं नाहीतच त्यांचा कळवळा. मग ती पोरगी तरी काय करणार? गेली आणि त्या खोट्या माणसांत उभी राहिली, की तिथं तरी बाप बघेल!"

काजवालीने नाक ओढले. मास्तरांच्या कपाळाखालची उशी ओली झाली होती, पण ते रडत नव्हते. तोंड खाली असले की डोळ्यातले औषध गळत राहते. राग मात्र आला होता, आणि तो आयुष्यात पहिल्यांदा असा आला होता, की ज्याला काही कारण शोधावेसे वाटेना. तो जावयावर होता. त्याहून जास्त, 'स्वतःची भीती आत कोंडून ठेवतोय' या त्या सुबक वाक्यावर होता. तापलेल्या पोरीला त्यांनी जिन्यावर ते वाक्य दिले होते, पांघरायला.

"गाडी आणलीयेस का?" त्यांनी बुटांना विचारले.

"कपडे पोचवायची आहे. मागं कोट टांगलेत."

"टांगलेले असू देत."

"तपासणी व्हायचीय तुमची," बायको म्हणाली. पण ती पायांत चपला सरकवत होती.

तयार कोटांच्या रांगेखाली गुडघ्यांत डोके घालून मास्तर शहराच्या दुसऱ्या टोकाला पोहोचले. वळणावळणाला कोटांच्या बाह्या त्यांच्या पाठीवरून फिरत होत्या. सुट्टी असली तरी दातांचा दवाखाना सुरू असे, आणि विमा कंपनीतला जावई सुट्टीच्या दिवशी मित्रांकडे जाई, हे बायकोला ठाऊक होते. संध्याकाळ होत आली होती.

जिना ते खालपासून वाचत वाचत चढले. कडेला गुळगुळीत झालेल्या पायऱ्या, कोपऱ्यात विझवलेल्या सिगारेटचा डाग, कोणाच्या तरी दारातले पायपुसणे; कोपराला बायकोचा हात. तिसऱ्या वळणावर एका पायरीवर दोन बूट दिसले. डावी टाच बाहेरून झिजलेली. ती टाच लहानपणापासून अशीच झिजत आली होती. शाळेच्या बुटांना त्यांनी स्वतः चामड्याचे तुकडे लावले होते.

"बाबा?" आणि लगेच: "मान वर करू नका!"

"नाही करत." ते तिच्या शेजारी पायरीवर बसले. दगड गार होता. "आजचा भाग केव्हा?"

तिने हातातला फोन पायरीवर पालथा ठेवला.

"धाकट्याची बाजू मी सोडली," मास्तर म्हणाले.

तिने हसल्यासारखा आवाज केला, मग तो आवाज बिघडला. आई दुसऱ्या बाजूला बसली. मुलगी म्हणाली, "तुम्ही इतकं छान सांगत होतात, की मला पटायला लागलं होतं, बाबा. वाटायचं, खरंच माझ्यातच समजून घ्यायचं कमी आहे. एकदा तरी दुकानात विचाराल, आणि कोणीतरी म्हणेल, असा भाग झालाच नाही. रोज वाट बघायचे."

एक दार उघडले. मास्तरांना कापडी सपाता दिसल्या, आणि सपातांच्या शेजारी टेकवलेले खुर्चीचे चार पाय.

"आजोबांना तरी बसू दे," शेजारणीचा आवाज म्हणाला. "आज कोण परत करतो तेच बघते."

"हीच का ती खुर्ची?" मास्तरांनी विचारले.

"हीच," मुलगी म्हणाली.

ते खुर्चीवर बसले नाहीत. मुलीच्या शेजारून उठावेसे वाटले नाही. पण त्यांनी ती आपल्यासमोर ओढून घेतली आणि बैठकीवर कपाळ टेकवले. ते तसे टेकवलेले असतानाच जाळीचे दार खडखडले आणि समोर काळे, चकचकीत बूट येऊन थांबले. किल्ल्यांचे जुडगे किणकिणले.

"अरे, तुम्ही इथं?" जावई म्हणाला. आवाज गोड होता. "आई, बाबा, कळवायचं तरी! आणि असं जिन्यात बसणं... बरं दिसतं का?"

मास्तरांची मान आपोआप उचलू लागली. बायकोचा हात तिच्यावर पडला आणि तिने ती खाली दाबली. "मान खाली," ती म्हणाली. "बोला काय ते."

"जावईबापू," मास्तर खुर्चीकडे पाहत म्हणाले, "या घराला किल्ल्या किती आहेत?"

"एकच आहे. म्हणजे त्याचं असं आहे बाबा, हिच्याकडून मागं एकदा हरवली होती. आणि आमच्या घरात मी लहान असताना..."

"थांबा. कारण सांगू नका." आवाज इतका शांत होता की मुलीने चमकून त्यांच्याकडे पाहिले. "तुमचं कारण मला पाठ आहे. तुमच्या बाजूनं मी आठवडाभर भांडलोय. पालथा पडून, फुकट. तुम्हाला सुचणार नाहीत अशी एकेक कारणं दिलीयेत मी, आणि खरीही असतील सगळी. तुम्ही घाबरत असाल. तुम्हाला लागत असेल. पण ती सगळी कारणं मांडीवर घेऊन ताप अंगात असलेलं माणूस या दगडावरच बसून होतं ना? तुमची भीती घरात, पंख्याखाली. आणि माझी मुलगी बाहेर!"

"तुम्ही गैरसमज..."

"आणि 'बरं दिसत नाही' हे तुम्ही पुन्हा बोलू नका. मला सध्या फक्त तुमचे बूट दिसतात, आणि तेसुद्धा बरे दिसत नाहीयेत."

शेजारणीच्या सपाता समाधानाने हलल्या. काळे बूट एक पाऊल मागे गेले. जुडगे पुन्हा किणकिणले, यावेळी बराच वेळ; कडीतून काहीतरी नखाने काढले जात होते. मग मास्तरांच्या नाकासमोर एक तळहात आला. त्यावर किल्ली होती.

"ही घ्या. एवढं होतं तर मागायची होती. संपलं?"

"मला कशाला देता?" मास्तर म्हणाले. "मी इथं राहतो का?"

झिजलेल्या टाचेचे बूट उठले. मुलीने तळहातावरून किल्ली घेतली. कुलूप उघडल्याचा आवाज झाला, ती आत गेली. जावयाने सुटकेचा श्वास टाकला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "झालं! चला, आत या ना, चहा घेऊ." कोणीच हलले नाही. आतून कपाटाचे दार वाजले, पुन्हा वाजले. शेजारीण अजिबात न लाजता उभी होती.

मुलगी बाहेर आली तेव्हा मास्तरांना तिच्या पायांशी टेकवलेली एक बॅग दिसली. तिने मागे दार ओढले, कुलूप लावले, आणि किल्ली जावयाच्या हातात ठेवली.

"एकच आहे," ती म्हणाली. "जपून ठेवा."

"अगं, पण कारण तर ऐकशील..."

"ऐकलंय," मुलगी म्हणाली. "बाबांनी सांगितलंय. तुमच्यापेक्षा चांगलं सांगितलं."

जिना उतरताना मान खाली असणे सोयीचेच असते. एका कोपराला बायको, दुसऱ्याला मुलगी. बॅग बायकोने कोणालाच घेऊ दिली नाही. वर खुर्ची तशीच राहिली होती. शेजारणीचा आवाज मागून आला, "बसा हो, दमला असाल," आणि तो कोणाला उद्देशून होता हे सांगायला नको होते.

खाली गाडीचा मागचा दरवाजा उघडा होता. तिघे कोटांखाली बसले. इस्त्रीवाला आरशातून पाहत होता. बॅग पाहून त्याने काही वेळ जीभ आवरली, पण ती त्याला कधीच फार वेळ आवरत नसे.

"मास्तर, माणूस तसा वाईट वाटत नाही हो तो. त्याचंही काहीतरी असेलच ना आत..."

"असेल," मास्तर गुडघ्यांतून म्हणाले. "गाडी चालव."